टिचबटन सर

सरांच्या वर्गात स्वतःची हजेरी स्वतः द्यायची नसे. ती शेजाऱ्यानं द्यायची. सर नाव पुकारणार, ज्याचं नाव त्यानं गप्प बसायचं आणि बाकावर शेजारी जो असेल त्यानं उठून सांगायचं, "आहे, सर." तो आला नसेल तर नुसतं "नाही" म्हणून सुटका नव्हती. का नाही, कुठं आहे, बरा आहे का, एवढं सगळं सांगावं लागे. पहिल्या आठवड्यात कुणालाच कुणाचं काही माहीत नसायचं. एक मुलगा वैतागून म्हणाला, "मला काय माहीत सर, मी काय त्याचा भाऊ हाय?"

सर म्हणाले, "भाऊ नाहीस म्हणून तर विचारतोय. शेजारी आहेस."

अशा हजेरीत तासाची पंधरा-वीस मिनिटं जायची. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र आम्ही कॉलेजात येतानाच एकमेकांच्या घरात डोकावायला लागलो. उगाच बोलणी कोण खाणार?

सर आम्हाला शेवगावात अकरावीला जीवशास्त्र शिकवायला होते. मी त्या वर्गात पुरते पाच महिनेसुद्धा बसले नाही, आणि त्यानंतर शिकले नाही. आज इकडे कोईमतूरला एका दवाखान्यात त्वचेच्या वॉर्डात मदतनीस आहे. नवरा पंपांच्या कारखान्यात फिटर, म्हणून आम्ही इतक्या लांब. तमीळ अजून तोडकंमोडकंच येतं. सकाळी वॉर्डात शिरले की एखादी खाट रिकामी दिसते आणि मी हातातलं टाकून तिकडे धावते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मी खुणेनं विचारते, ही कुठं गेली? सिस्टर हसतात. त्यांना वाटतं मी भित्री आहे. आहेच मी भित्री, पण विचारायची सवय मात्र सरांची.

सरांच्या सदऱ्याला काजं-बटनं नव्हती. वरपासून खालपर्यंत टिचबटनं, लहान बाळाच्या झबल्याला असतात तशी, दोन चकत्या एकमेकींत दाबून बसवायची. ती ते स्वतःच्या हातानं शिवायचे आणि टाके भलतेच वेडेवाकडे असायचे. त्याचं कारण आम्हाला एका सकाळी कळलं. पुस्तकात पेशींचे सांधे असा भाग होता, जेमतेम चार ओळींचा. सर खडू ठेवून मधोमध आले, सदऱ्याच्या दोन्ही कडा धरल्या आणि टच्-टच्-टच्-टच् करून एका झटक्यात सदरा उघडला. आत बनियन होतं म्हणून बरं. मुली खाली बघायला लागल्या, मुलांनी बाकं बडवली.

सर तसेच उभे. "काय तुटलं? कापड फाटलं का? बघा, कापड शाबूत आहे. सुटलं ते मधलं. याला डेस्मोसोम म्हणतात. तुमच्या कातडीत एका पेशीला दुसरीशी अशा असंख्य टिचबटनांनी टाचलेलं आहे. म्हणून तुम्ही दिवसभर बाकावर घासून बसता तरी घरी जाताना कातडी बाकावर राहत नाही, तुमच्याबरोबर जाते."

त्या दिवसापासून त्यांचं नाव टिचबटन सर पडलं. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

त्या चार ओळींवर त्यांनी तीन आठवडे घेतले. आतड्यातल्या पेशींचा घट्ट सांधा समजावायला घरून करंज्या करून आणल्या. एकीची कड मुरडलेली, एकीची नुसतीच दाबलेली. स्टोव्हवर तेल तापवून दोन्ही तळल्या. नुसत्या दाबलेलीतलं सारण तेलात सांडून जळालं. "मुरड नसेल तर आतलं बाहेर आणि बाहेरचं आत," सर म्हणाले. "तुमच्या आतड्याला अशी मुरड आहे, म्हणून सकाळची भाकरी पेशींच्या फटीतून अंगभर झिरपत नाही." पेशींना कमरेभोवती धरून ठेवणारा पट्ट्याचा सांधा असतो, त्यासाठी त्यांनी लेंग्याची नाडी काढून दाखवली. दुसऱ्या लेंग्याची, अंगातल्या नव्हे. मुख्याध्यापक दारात येऊन उभे होते, त्यांना मात्र ते कळायला वेळ लागला.

"अहो, पुस्तकात चार ओळी आहेत," मुख्याध्यापक म्हणाले.

"म्हणूनच वेळ लागतोय. लिहिणाऱ्यानं नीट लिहिलं असतं तर मला कशाला एवढं बोलावं लागलं असतं? पेशी सगळेच शिकवतात साहेब. मधलं कोण शिकवणार?"

त्यांची नजर सगळीकडे मधल्यावरच असायची. कंपाउंडची भिंत बघताना ते विटांमधला चुना खरवडून बघत. लग्नात जेवायला बसले तर पत्रावळीची पानं कशी टाचलीत ते उलटून बघत आणि वाढणारा वरण घेऊन ताटकळत उभा राही. घोडेगावच्या बाजाराला एकदा कुणाबरोबर बैल बघायला गेले, तर म्हणे दावणीच्या गाठी बघून परत आले. बैलाचा रंग विचारला तो काही त्यांना सांगता आला नाही.

माझी आई गोधड्या शिवते हे त्यांना हजेरीतच कळलं. माझ्या शेजारणीनं सांगितलं, "सर, तिला उशीर होतोय, आईच्या गोधडीला दोरा आणायला गेलीय." संध्याकाळी सर घरी हजर. वडील मी तिसरीत असताना गेले, तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. आईला वाटलं मी काहीतरी उपद्व्याप केला. सरांनी खिशातून कागद काढून तिच्यापुढे पसरला.

"ही कसली नक्षी म्हनायची, सर?"

"ही तुमची कातडी आहे, ताई. आतून."

"अगं बया!" आईनं पदर तोंडाला लावला.

त्यांना वर्गात टांगायला कातडीचा तक्ता हवा होता, छापलेला नाही, शिवलेला. जुन्या लुगड्यांचे तुकडे म्हणजे पेशी. मधे टिचबटनं. तळाच्या रांगेतल्या पेशी खालच्या जाड पट्टीला पक्क्या टाचलेल्या. आणि काही ठिकाणी दोन तुकड्यांच्या मधे मुद्दाम ठेवलेली बारीक भोकं. तेही सांधेच, पण देवाणघेवाणीचे. आईनं आठ दिवस खपून तक्ता केला. मी तो घेऊन गेले. सरांनी फळ्यावर टांगला, मागं सरून बघितला, जवळ जाऊन बघितला, आणि संध्याकाळी पुन्हा आमच्या उंबऱ्यात.

"ताई, भोकं कुठं गेली?"

"बुजवली की. म्हनलं सरांच्या हातनं चुकून काढली गेली आसतील."

"मुद्दाम काढली होती!"

"मुद्दाम कोन भोक ठेवतंय गोधडीत? लोकं काय म्हनतील, हिच्या हातची गोधडी आन् आरपार उजेड दिसतोय!"

सर उंबऱ्यावरच बसले. आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या मधल्या भिंतीत वर एक वीट काढलेली होती. तिथून विरजण, काडेपेटी, निरोप, सगळं ये-जा करायचं. सरांनी तिकडे बोट केलं. "ती वीट बसवून टाकू का उद्या?"

"नगं नगं! मंग इरजन कुनाला मागू?"

"मग पेशीनं कुणाला मागायचं?"

आई भिंतीकडे बघत राहिली. मग तिनं कात्री घेतली आणि एकेक भोक उसवायला बसली. कडा निसटू नयेत म्हणून काज करतात तसे भोवतीनं टाके घालू लागली. सर एकदम सरसावले. "सहाच टाके घाला ताई, बरोबर सहा. तिथं खरंच प्रथिनांचे सहाच तुकडे असतात, नळीसारखे गोल उभे." आई हसली. कामाचं कुणी इतकं बारीक बघतंय हे तिला नवीन होतं. माझ्या आईला सही करता येत नाही, पण त्या दिवसापासून तिला एवढं पक्कं कळलं होतं की अंग म्हणजे शिवण आहे.

आणि तिचीच शिवण उसवायला लागली होती, ते आम्हा दोघींनाही कळलं नव्हतं.

तिचं तोंड उन्हाळ्यापासून आलेलं होतं. तिखट लागू देत नव्हतं, भाकरी दुधात कुस्करून खायची. सगळे म्हणाले उष्णता. मग दिवाळीच्या आधी पाठीवर फोड आले, पाणी भरलेले, मऊ. फुटले की खालचं लालभडक उघडं पडायचं आणि भरून येतच नव्हतं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, नागीण. एक म्हातारी गेरूनं फोडांभोवती रेघ ओढून गेली आणि सांगून गेली, दोन्ही टोकं भेटू देऊ नका, भेटली की माणूस हाती लागत न्हाई. मी कॉलेज सोडून गेरू उगाळत आणि त्या टोकांवर नजर ठेवत बसले. रेघ रोज पुढे न्यावी लागत होती.

चौथ्या दिवशी सर दारात. "तुझी शेजारीण तीन दिवस नुसतं आई आजारी आहे म्हणायची. आज म्हणाली, नागीण झालीय. ताई, मी पाठ बघू का? लांबूनच."

आई पालथी पडली होती. सर दोन हात अंतरावर वाकले.

"नागीण एका अंगालाच उठते. ही दोन्ही अंगांना आहे," ते हळू म्हणाले. मग मला, "हात धू. फोडाच्या बाजूला जिथं कातडी चांगली आहे, तिथं अंगठा ठेव. हलका दाबून जरासा सरकव."

मी सरकवला. उकडलेल्या बटाट्याची साल सरकते तशी ती चांगली दिसणारी कातडी माझ्या अंगठ्याखाली सरकली. आई ओरडली. मी सरांकडे बघितलं. त्यांचा हात स्वतःच्या सदऱ्यावर गेला होता आणि ते वरचं बटन उगाचच दाबून दाबून बघत होते.

"सर, काय झालं?"

"मी मास्तर आहे, डॉक्टर नाही," ते म्हणाले. "पण उद्या पहिल्या गाडीनं नगरला जायचं. गेरू पुसून टाक."

एसटीत आईला टेकून बसता येत नव्हतं. सरांनी पुढचं बाक रिकामं करून घेतलं, ती पुढच्या दांड्याला कपाळ लावून बसली, आणि गाडी खड्ड्यात गेली की सर ड्रायव्हरवर ओरडत. दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरबाईंनी बघितलं, तोंडात बघितलं, आणि कातडीचा बारीकसा तुकडा तपासायला काढला. आजाराचं नाव सांगितलं, पेम्फिगस. म्हणाल्या, अंगाचे जे शिपाई बाहेरच्या रोगाशी लढायचे, ते चुकून स्वतःच्याच कातडीतल्या सांध्यांवर उठलेत. उशीर फार झालाय. उघड्या पाठीतून विष भिनलं तर काही सांगता येत नाही.

आईनं सरांनाच विचारलं, "मी मरंल का हो, सर?"

दुसरा कुणीही म्हणाला असता, छे, असं काय बोलता. सर म्हणाले, "मला माहीत नाही, ताई. मला फक्त काय सुटलंय ते माहीत आहे. बांधायचं कसं ते यांना माहीत आहे. आपण यांचं ऐकायचं."

मी तेव्हा रागावले होते त्यांच्यावर. आता वॉर्डात काम करते तेव्हा कळतं, खोटा धीर न देता माणसाजवळ उभं राहणं किती अवघड आहे ते.

तुकड्याची काच तयार झाली त्या दिवशी सर प्रयोगशाळेच्या डॉक्टरांच्या मागे लागले. "माझी विद्यार्थिनी आहे, तिला एकदा बघू द्या." मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी नुसतं गुलाबी-जांभळं दिसलं. मग सर शेजारून सांगत गेले तसं उमटत गेलं. वरच्या पेशी एकमेकींपासून सुटून पाण्यात तरंगत होत्या, एकट्या, गोल झालेल्या. पण सगळ्यात खालची रांग होती तिथंच होती. शेजारणीचा हात सुटलेला, दोघींच्या मधे फट, तरी प्रत्येक आपल्या जागी ताठ उभी.

"जमिनीची पकड वेगळी असते," सर म्हणाले. "तिला धक्का लागलेला नाही. या रांगेवरच पुढचं सगळं. इथूनच कातडी पुन्हा चढेल."

माझं आयुष्यातलं शेवटचं प्रॅक्टिकल ते. इकडे आल्यावर कधी भाषा कळेनाशी होऊन भर माणसांत एकटं वाटलं की मला ती खालची रांग आठवते. तेव्हा गावाकडचा रस्ता, त्याच्या कडेच्या बाभळी, असं कायकाय डोळ्यांपुढे येतं, आणि रडू येतं.

तीन आठवडे दवाखाना झाला. गोळ्यांनी आईचं तोंड सुजल्यासारखं गोल झालं, पण नवे फोड थांबले. घरी पाठवताना डॉक्टरबाई म्हणाल्या, जखमा भरेपर्यंत चादर नको, चादर चिकटते आणि उचलली की कातडी घेऊन येते. केळीची पानं धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यानं पुसून त्यावर निजवा.

आमच्या कोरड्या भागात रोज केळीची पानं कुठून आणायची? सर म्हणाले, मी आणतो. त्यांचं मूळ घर नदीकाठच्या कोल्हारला. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी करणारं घर, सरच काय ते शिकवायला बाहेर पडलेले. दर शनिवारी ते कोल्हारला जात आणि सोमवारी सकाळी ओल्या पोत्यात गुंडाळलेली पानं घेऊन आमच्या दारात उतरत. मधल्या दिवसांसाठी एखाद्या ड्रायव्हरच्या हाती पोतं येई. एकही पान फाटलेलं नसायचं. मधला दांडा बारीक तासून काढलेला, म्हणजे पाठीला टोचू नये. मी पानं अंथरायची, आई त्यावर पडायची, आणि सर भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसून मला वर्गात झालेला धडा सांगायचे. आई मधेच विचारायची, "आन् सर, हृदयाच्या पेशीला बी बटनं आस्तात व्हय?" "असतात तर. बटनंही आणि तुमच्या विटेसारखी भोकंही. म्हणून सगळ्या एका ठेक्यात हलतात." आईला ते फार आवडलं होतं.

एकदा तिनं त्यांच्या घरचं विचारलं. सरांनी लग्न केलं नव्हतं. कोल्हारला थोरले भाऊ आणि वहिनी. भावाशी बोलणं बंद होतं, खूप वर्षं. कशावरून ते काही सांगितलं नाही.

"मंग दर शनवारी जाता कशाला?"

"जेवायला शेजारी बसतो आम्ही. तो बोलत नाही, मी बोलत नाही."

आई पालथी पडल्या पडल्याच म्हणाली, "साऱ्या जगाला सांधं शिकवता, आन् सर, तुमचं सोताचं टिचबटन कुटं पडलं?"

मी घाबरले. पण सर हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. "हरवलं, ताई," एवढंच म्हणाले, आणि धडा पुढे सुरू केला.

आईची पाठ भरायला उन्हाळा उजाडला. तोवर माझं वर्ष गेलं. कॉलेजातून नाव कमी झालं होतं, पण शेजारीण सांगायची, सर हजेरीत तुझं नाव अजून पुकारतात, आणि मला उठून सांगावं लागतं, "घरी आहे सर, आईजवळ. जेवलीय." मुख्याध्यापकांनी विचारलं, पटावर नसलेल्या मुलीची हजेरी कशी घेता? सर म्हणाले, "तिची घेतच नाही. तिच्या शेजारणीची घेतो."

जूनमध्ये त्यांनी मला एकदाच विचारलं, "येतेस का परत?" मी नाही म्हणाले. आईच्या गोळ्या चालू होत्या, ती पुन्हा पडली तर, एवढंच डोक्यात होतं. सर नुसतं "बरं," म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते "बरं" मला अजून टोचतं. पुढं दवाखान्यात हे काम मिळालं तेव्हा मी त्यांना फोन केला. पेशंटला कूस कशी बदलतेस, कातडीला घासू न देता कशी उचलतेस, असं त्यांनी पंधरा मिनिटं विचारलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे तू मधल्यातच काम करतेस." मला अजून कळलेलं नाही, ती शाबासकी होती की नुसतंच बोलणं. विचारायचं राहून गेलं.

मागच्या वर्षी ते कोल्हारलाच गेले. झोपेत. मला दोन दिवसांनी कळलं, आणि इथून निघणं झालं नाही. वॉर्डात माणसं कमी होती, नवऱ्याची पाळी होती, अशी कारणं मी स्वतःला सांगितली. आई म्हणाली, मी जाते. ती कधी एकटी तालुक्याबाहेर गेलेली नव्हती. दोन गाड्या बदलून कोल्हारला पोचायचं म्हणजे मला दिवसभर कामात चैन नव्हतं. दर तासाला फोन लावत होते, तो लागत नव्हता.

उतरत्या उन्हाला तिचाच फोन आला.

"पोचलीस का गं? बरी आहेस ना?"

"पोचले कवाच. त्यांच्या भावाकडं हाय." तिचा आवाज दबका होता. "त्यांनी दारातच इचारलं, पाठ भरली का पुरती? मी म्हनलं, तुमाला कसं ठावं? तर म्हनले, पानं मीच कापायचो. परसातल्या केळी हायेत. शनवारी येऊन सर नुसते केळीपाशी उबे ऱ्हायचे, बोलायचे न्हाई. मंग या थोरल्यांनी वहिनींकडनं काढून घेतलं कशाला लागत्यात ते. सोमवारी पहाटं पानं तासून, पोत्यात घालून दारात ठिवायचे. ह्यो बी गप, त्यो बी गप."

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"आयकतीयास ना? आन् आता सकाळधरनं मला म्हनत्यात, आमचा भाऊ काय शिकवायचा ते आमाला कधी कळलंच न्हाई, तुमाला कळलं आसंल तर सांगा. त्येच सांगत बसलेय. वहिनीबी बसल्यात."

पलीकडून पुरुषाचा खोकल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी म्हणालं, "मग पुढं?"

"आई, अगं परतीची गाडी कितीची आहे तुझी?"

"ती गेली," आई म्हणाली. "ऱ्हाते आज हितंच. आजून निम्मंबी सांगून झालं न्हाई."